दोन दात, पाणघोडा आणि आजीबाई : अमेरिकी रेडिओवरील नाताळच्या फर्माइशी

श्रोत्याने गाणे मागावे आणि केंद्राने ते वाजवावे, हा व्यवहार रेडिओच्या धंद्याइतकाच जुना आहे. अमेरिकेपुरते बोलायचे तर तो धंद्याच्याही थोडा आधीचा ठरतो. पिट्सबर्गलगतच्या विल्किन्सबर्ग या गावी वेस्टिंगहाऊस कंपनीतील अभियंते फ्रँक कॉनरॅड पहिल्या महायुद्धानंतर घराच्या गॅरेजमधून प्रायोगिक प्रक्षेपण करीत असत. यंत्र नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी तासन्‌तास बोलत राहण्यापेक्षा ग्रामोफोनची तबकडी लावणे सोयीचे, म्हणून त्यांनी तबकड्या लावल्या, आणि त्या ऐकणाऱ्या हौशी बिनतारीवाल्यांची पत्रे येऊ लागली : अमुक गाणे अमुक वेळी लावा, म्हणजे हवेतून संगीत येते यावर विश्वास न ठेवणाऱ्या एखाद्या मित्राला ते ऐकवता येईल. मागण्या इतक्या वाढल्या की प्रत्येकाची स्वतंत्र दखल घेणे सोडून कॉनरॅड यांनी बुधवारी आणि शनिवारी सायंकाळी दोन-दोन तास गाणी लावण्याचे जाहीर केले. घरातल्या तबकड्या संपल्या तेव्हा एका स्थानिक दुकानदाराने, दुकानाचे नाव प्रक्षेपणात घेतले जावे या अटीवर, नव्या तबकड्या उसन्या दिल्या. सप्टेंबर १९२० मध्ये पिट्सबर्गमधील एका मोठ्या दुकानाने हे संगीत ऐकण्यासाठीचे तयार संच विकायला ठेवल्याची जाहिरात दिली, ती वेस्टिंगहाऊसच्या वरिष्ठांच्या नजरेस पडली, आणि २ नोव्हेंबर १९२० रोजी अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगत केडीकेए हे केंद्र सुरू झाले. आधी फर्माईश, मग जाहिरात आणि शेवटी केंद्र, असा हा क्रम आहे. रेडिओच्या इतिहासात तो सहसा उलटा सांगितला जातो.

फर्माईश ही संस्था मराठी वाचकाला रेडिओ सिलोन, विविध भारती आणि आकाशवाणीचा ‘आपली आवड’ यांमुळे चांगली परिचयाची आहे. भारतातील फर्माईश मुख्यतः पोस्टकार्डावर चालली आणि तिचे खरे सुख गाण्यापेक्षा नावांत होते : झुमरीतलैयापासून कोणकोणत्या गावांतील कोणकोणत्या मंडळींनी हे गाणे मागितले, ती यादी निवेदक वाचून दाखवी, आणि ती ऐकण्यासाठी घरेच्या घरे संचाभोवती बसत. अमेरिकेत प्रारंभी पत्रे आणि तारा चालत. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू केंद्रावर १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘मिल्कमन्स मॅटिनी’ या रात्रभराच्या कार्यक्रमात रात्रपाळीची माणसे तारेने गाणी मागवीत. पण घरोघरी टेलिफोन पोहोचल्यावर फर्माईश फोनवर आली आणि तिचा स्वभाव बदलला. पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला आठवडाभर वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागे, तर फोन करणाऱ्याला गाणे या घटकेला हवे असे आणि ते न लागल्यास तो दहा मिनिटांनी पुन्हा फोन करी. नावाला किंमत राहिली नाही. किती वेळा घंटा वाजली, याला किंमत आली.

या टेलिफोनच्या घंटेवर गाण्यांचा एक प्रकार जितका पोसला गेला तितका दुसरा कोणताही नसेल, आणि तो म्हणजे नाताळातील ‘नॉव्हेल्टी’ गाणी. संगीताच्या व्यापारात ‘नॉव्हेल्टी’ म्हणजे जे चालीच्या गोडीवर किंवा गायकाच्या कीर्तीवर न खपता एखाद्या युक्तीवर खपते असे गाणे : बोबडा आवाज, प्राण्यांचे ओरडणे, अचाट कथानक, दुसऱ्या गाण्याचे विडंबन. मराठीत याला रूढ प्रतिशब्द नाही. येथे ‘गंमतगाणे’ हा शब्द वापरला आहे. गंमतगाण्याचे आयुष्य स्वभावतःच अल्प असते, कारण विनोद एकदा कळला की तिसऱ्या ऐकण्याला त्यातली धार जाते आणि दहाव्या ऐकण्याला त्याचा वैताग येतो. नाताळचे गंमतगाणे मात्र महिनाभर वाजते आणि अकरा महिने कपाटात पडते. त्या अकरा महिन्यांत मोठ्यांना त्याचा विसर पडतो आणि दरम्यान ते पहिल्यांदाच ऐकणारी मुलांची एक नवी तुकडी तयार होते. एरवी दोन महिन्यांत संपणारी वस्तू हंगामीपणामुळे दीर्घायुषी झाली, ही या प्रकाराच्या इतिहासातील पहिली विसंगती होय.

या परंपरेचा आरंभ सोयीसाठी १९४८ च्या नाताळात धरता येतो. न्यूयॉर्क राज्यातील स्मिथटाऊनचे संगीतशिक्षक डोनाल्ड गार्डनर यांनी १९४४ मध्ये दुसरीच्या वर्गाला नाताळात काय हवे असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्या बहुतेक मुलांचे पुढचे दुधाचे दात पडलेले असल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून समोरचे दोन दात मागणाऱ्या मुलाचे गाणे तयार झाले. विडंबनासाठी प्रसिद्ध असलेल्या स्पाईक जोन्स यांच्या वाद्यवृंदाने ते डिसेंबर १९४७ मध्ये, वादकांच्या संघटनेने पुकारलेला ध्वनिमुद्रणबंदीचा संप सुरू होण्याच्या तोंडावर, मुद्रित करून ठेवले; त्यातला बोबडा आवाज जॉर्ज रॉक या धिप्पाड ट्रम्पेटवादकाचा होता. वर्षभराने तबकडी बाजारात आली आणि त्या हंगामात ती विक्रीच्या यादीत अग्रस्थानी गेली. त्यापाठोपाठ १९४९ मध्ये जीन ऑट्री यांच्या आवाजात लाल नाकाच्या रुडॉल्फचे गाणे आले. त्याची कथा माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने १९३९ मध्ये गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी रॉबर्ट मे या आपल्या नोकराकडून लिहून घेतली होती, म्हणजे नाताळचे हे ‘पारंपरिक’ हरीण जन्मतः जाहिरातीतले आहे. या दोन यशांनंतर तबकडी कंपन्यांना कळून चुकले की नाताळात तबकडी मोठ्यांच्या पैशाने विकत घेतली जात असली तरी तिची निवड मुले करतात, आणि मुले ती रेडिओवर ऐकून करतात.

पुढील दहा वर्षांत या प्रकाराचे पीकच आले. १९५२ मध्ये तेरा वर्षांच्या जिमी बॉइडने गायिलेले, आईने सांताक्लॉजचे चुंबन घेतलेले पाहणाऱ्या मुलाचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. बॉस्टनच्या कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी नाताळाची चुंबनाशी घातलेली सांगड निषिद्ध ठरवली, आणि सांता म्हणजे वेषांतर केलेले वडीलच आहेत हे समजावून देण्याचे काम त्या मुलावर आले. १९५३ चे गाणे याहून महत्त्वाचे, कारण त्यात गाण्यातली मागणी आणि रेडिओवरची मागणी एकमेकींत मिसळल्या. ओक्लाहोमा सिटीची दहा वर्षांची गेला पीव्ही हिने कोलंबिया कंपनीसाठी जॉन रॉक्स यांचे एक गाणे गायिले, ज्यातील मुलीला नाताळची भेट म्हणून बाहुली वगैरे काही नको असून पाणघोडाच हवा आहे. गाणे गाजताच तिच्या गावाच्या प्राणिसंग्रहालयाने ही संधी साधली, कारण त्याच्याकडे पाणघोडा नव्हता. मुलांनी आपापली नाणी पाठवून गेलासाठी पाणघोडा घ्यावा असे आवाहन झाले, सुमारे ३,००० डॉलर जमले, आणि २४ डिसेंबर १९५३ रोजी मटिल्डा नावाची पाणघोड्याची लहान मादी गेलाला भेट देण्यात आली. गेलाने ती प्राणिसंग्रहालयाला दिली. मटिल्डा १९९८ पर्यंत जगली, म्हणजे बहुतेक गंमतगाण्यांपेक्षा कितीतरी अधिक. ‘मागा म्हणजे मिळेल’ हे रेडिओचे अभिवचन इतक्या शब्दशः पाळले गेल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

कुत्र्यांच्या गाण्याची कथा तांत्रिक अंगाने उद्‌बोधक आहे. कार्ल वाइसमन हे डेन्मार्कचे पक्षी-ध्वनिमुद्रक. पाखरांच्या आवाजात मध्येच येणारे कुत्र्यांचे भुंकणे त्यांना ध्वनिफितीतून कापून काढावे लागे. कापलेल्या तुकड्यांचे स्वर निरनिराळे असतात हे लक्षात आल्यावर त्यांनी ते सुरांच्या क्रमाने जोडले, आणि १९५५ मध्ये ‘जिंगल बेल्स’ भुंकणाऱ्या कुत्र्यांची तबकडी आरसीए व्हिक्टर कंपनीने विकली. चुंबकीय ध्वनिफीत कात्रीने कापून चिकटवता येते, या नव्या सोयीतून निर्माण झालेले हे गाणे आहे. १९५८ च्या नाताळातले खारींचे गाणे त्याच फितीच्या दुसऱ्या गुणधर्मावर उभे राहिले. रॉस बॅग्डासेरियन यांनी संथ गतीने गाऊन मुद्रित केलेला आवाज दुप्पट गतीने वाजवला, त्यामुळे तो चिरका आणि बालिश झाला, आणि त्यातून ॲल्विन, सायमन व थिओडोर या तीन ‘चिपमंक’ खारी जन्मल्या. त्यांची नावे लिबर्टी या तबकडी कंपनीतील तिघांवरून ठेवलेली होती. दूरदर्शनवरच्या ‘अमेरिकन बँडस्टँड’ या लोकप्रिय कार्यक्रमात तरुण परीक्षकांनी नव्या तबकड्यांना गुण देण्याची प्रथा होती. तेथे या गाण्याला देता येण्याजोगे सर्वांत कमी, म्हणजे ३५ गुण मिळाले. त्यानंतर काही आठवड्यांत ते ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, चार आठवडे तेथे राहिले, आणि १९५९ मध्ये झालेल्या पहिल्याच ग्रॅमी समारंभात त्याने तीन पारितोषिके मिळवली.

परीक्षकांचे ३५ गुण आणि लाखोंची विक्री यांतील अंतरात फर्माइशीचे मर्म आहे. दहा माणसांना बोलावून एखादे गाणे ऐकवले आणि मत विचारले, तर आठ जण नाक मुरडतील. पण उरलेल्या दोघांना ते वेड लावून गेले, तर तेच दोघे दिवसातून पाच वेळा केंद्राला फोन करतील आणि नाक मुरडणारे आठ जण एकदाही करणार नाहीत. फर्माईश बहुमत मोजत नाही, हट्ट मोजते. आणि हट्टाच्या बाबतीत सात वर्षांच्या मुलाशी, तेही डिसेंबरात, बरोबरी करू शकणारा श्रोता अमेरिकेत नव्हता, तसा तो कोठेच नसतो.

नेमक्या याच काळात अमेरिकी केंद्रांनी हा हट्ट मोजण्याची पद्धत बसवली. ओमाहातील केओडब्ल्यूएच केंद्राचे मालक टॉड स्टोर्झ आणि डॅलसचे गॉर्डन मॅक्लेंडन यांनी १९५० च्या दशकात रुजवलेली ‘टॉप फोर्टी’ पद्धत, म्हणजे मोजकी लोकप्रिय गाणीच आलटूनपालटून वाजवण्याची शिस्त, तबकड्यांची विक्री, ज्यूकबॉक्समधील नाणी आणि टेलिफोनवरील फर्माइशी या तिन्हींवर आधारलेली होती. त्यात १९५९-६० मध्ये ‘पेओला’ प्रकरण उद्‌भवले. गाणे वाजवण्यासाठी तबकडी कंपन्यांकडून निवेदकांनी गुपचूप घेतलेल्या पैशाला हे नाव पडले होते, काँग्रेससमोर चौकशी झाली आणि कायदा बदलला. त्यानंतर गाण्याची निवड निवेदकाच्या हातून कार्यक्रमप्रमुखाच्या हाती गेली, आणि ‘श्रोत्यांनी मागितले म्हणून वाजवले’ हे उत्तर केंद्राला पूर्वीपेक्षा अधिक सोयीचे झाले. अर्थात ते उत्तर नेहमीच खरे नसे, कारण कंपन्यांची माणसे आणि चाहत्यांची मंडळेही फोन करीत. मोठ्या शहरांत फोनचा लोंढा असा येई की टेलिफोन कंपन्यांनी रेडिओ केंद्रांसाठी ‘चोक एक्स्चेंज’ म्हणून ओळखली जाणारी वेगळी व्यवस्था केली, जिच्यात ठरावीक संख्येपलीकडचे फोन वाटेतच अडवले जात आणि बाकी शहराच्या तारा मोकळ्या राहत. लॉस एंजेलिसमध्ये ५२० या आकड्यांनी सुरू होणारे क्रमांक त्यासाठीच राखलेले होते.

फर्माइशीच्या सत्तेला एक मर्यादा मात्र होती, आणि ती जाहिरातदाराची. १९५८ मध्येच विनोदकार स्टॅन फ्रेबर्ग यांनी नाताळच्या जाहिरातबाजीवर कडक उपहास करणारी तबकडी काढली, तेव्हा अनेक केंद्रांनी ती वाजवण्यास नकार दिला. आईचे चुंबन आणि कुत्र्यांचे भुंकणे खपवून घेणाऱ्या व्यवस्थेला आपल्या उत्पन्नाची थट्टा खपली नाही. १९६३ पासून ‘बिलबोर्ड’ने नाताळची गाणी मुख्य यादीतून काढून दहा वर्षे स्वतंत्र यादीत ठेवली, त्यामुळे दरवर्षी परत येणारे जुने गाणे मुख्य व्यापाराच्या नजरेआड झाले आणि त्याची हालहवाल कळायची ती टेलिफोनवरच.

गंमतगाण्यांना त्यांचा अभ्यासक याच टेलिफोनने मिळवून दिला. बॅरेट हॅन्सन यांनी लोकसंगीताचे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते आणि जुन्या तबकड्यांचा त्यांचा संग्रह मोठा होता. १९७० मध्ये पॅसाडिनाच्या केपीपीसी या एफएम केंद्रावर त्यांनी जुन्या रॉक संगीताचा गंभीर कार्यक्रम सुरू केला. अधूनमधून ते एखादे चमत्कारिक गाणे लावीत, आणि अशाच एका गाण्यानंतर केंद्रातील सहकाऱ्याने हे लावणारा वेडाच असला पाहिजे असे म्हटल्यावरून त्यांना ‘डॉ. डिमेंटो’ हे नाव चिकटले. कार्यक्रमाची दिशा मात्र श्रोत्यांनी बदलली : फोन दुर्मीळ रॉकसाठी येत नव्हते, चमत्कारिक गाण्यांसाठी येत होते. हॅन्सन यांनी तो कौल मानला, लॉस एंजेलिसच्या केएमईटी केंद्रावर त्यांचा कार्यक्रम रविवारचे आकर्षण झाला, आणि १९७४ पासून तो देशभरातील केंद्रांना पुरवला जाऊ लागला. सर्वाधिक मागण्या आलेल्या गाण्यांची उलट्या क्रमाने जाणारी यादी हा त्याचा कणा होता. डिसेंबरात कार्यक्रमाचे केंद्रस्थान नाताळच्या गंमतगाण्यांकडे जाई. विद्यापीठीय शिस्तीचा मनुष्य कोणत्या साली कोणत्या कंपनीने हे काढले हे नेमके सांगून भुंकणारी कुत्री ऐकवतो, हे मिश्रण अपूर्व होते. इतरांनी कचरा समजून टाकलेल्या या प्रकाराची वंशावळ आज मांडता येते, ती मुख्यतः त्यांच्यामुळे. कुत्र्यांच्या तबकडीलाही याच सुमारास पुनर्जन्म मिळाला : न्यूयॉर्कमधील एका एफएम निवेदकाने ती वाजवली, श्रोत्यांनी उचलून धरली, आणि कंपनीने १९७१ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली.

फर्माइशीच्या बळावर तळातून वर आलेले अखेरचे मोठे गाणे म्हणजे रेनडिअरच्या गाडीखाली सापडलेल्या आजीचे. रँडी ब्रूक्स यांनी लिहिलेले हे गाणे एल्मो श्रॉपशायर या पशुवैद्याने आणि त्यांची तेव्हाची पत्नी पॅट्सी हिने १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्वखर्चाने मुद्रित केले. पाठीशी कंपनी नव्हती, वितरण नव्हते. एका स्थानिक केंद्राने ते वाजवले, फोन आले, मग दुसऱ्या शहरातील केंद्राने वाजवले, असे करीत चार वर्षांत, म्हणजे १९८३ मध्ये, ते ‘बिलबोर्ड’च्या नाताळ यादीत अग्रस्थानी गेले, आणि मोठ्या कंपनीने ते त्यानंतर विकत घेतले. वृद्ध स्त्रीच्या मृत्यूची थट्टा केल्याबद्दल निषेध झाले; निषेधाच्या बातम्यांनी फोन आणखी वाढले. संयमित अभिरुचीच्या वाचकाला हे गाणे न आवडण्याची शक्यता मोठी आहे. पण आजीच्या घरी जमलेल्या कुटुंबात, देवदूत आणि हिमकण यांच्या गोड गाण्यांचा चौथा तास चालू असताना, नातवंडांना याच गाण्याची तहान का लागावी हे समजायला फारशी अभिरुची लागत नाही.

ऱ्हासाची कारणे गाण्यांत नसून टेलिफोनमध्ये आहेत. १९७० च्या दशकापासून केंद्रांनी श्रोत्याच्या फोनची वाट पाहणे सोडून स्वतःच श्रोत्याला फोन करायला सुरुवात केली : गाण्याचा सात-दहा सेकंदांचा ओळखीचा तुकडा ऐकवायचा आणि विचारायचे की हे आवडते, नावडते, की याचा कंटाळा आला आहे. या कंटाळ्याला धंद्यात ‘बर्न’ म्हणतात. पुढे सभागृहात काही डझन माणसे बसवून शेकडो तुकड्यांची अशी तपासणी होऊ लागली. फोनची दिशा उलटली आणि त्यासरशी मोजमापही उलटले. हट्टाऐवजी नावड मोजली जाऊ लागली, कारण श्रोता केंद्र बदलतो तो नावडीमुळे, आणि केंद्र बदलले की जाहिरातीचे पैसे जातात. या मापाने गंमतगाणे कधीच उत्तीर्ण होणार नव्हते. एडिसन मीडिया रिसर्च या संस्थेच्या २००७ च्या पाहणीत नाताळच्या सर्वांत नावडत्या गाण्यांत भुंकणारी कुत्री अग्रभागी होती आणि आजीबाईही फार मागे नव्हत्या. १९५८ च्या त्या परीक्षकांचे ३५ गुण अखेर असे वसूल झाले.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली, तेव्हा एकेका कंपनीकडे शेकडो केंद्रे आली आणि निवेदकाचे बोलणे आधीच मुद्रित करून दूरच्या शहरातून वाजवण्याची ‘व्हॉइस ट्रॅकिंग’ पद्धत सर्रास झाली. मुद्रित निवेदकाला फोन उचलता येत नाही. २००१ नंतर नोव्हेंबरपासूनच चोवीस तास फक्त नाताळची गाणी लावणाऱ्या केंद्रांची संख्या झपाट्याने वाढली, पण त्यांची यादी तपासणीतून गाळून आलेली, म्हणून लहान आणि निर्धोक असते. नाताळचे संगीत रेडिओवर पूर्वी कधी नव्हते इतके वाजू लागले, आणि फर्माइशीला त्यात पूर्वी कधी नव्हती इतकी कमी जागा उरली. ऑनलाइन ऐकणे मुख्य यादीत मोजले जाऊ लागल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये मराया कॅरी यांचे १९९४ चे गाणे पहिल्या क्रमांकावर आले; तिन्ही खारींनंतर त्या स्थानी पोहोचलेले नाताळचे ते पहिलेच गाणे, आणि मधली एकसष्ट वर्षे तो मान एका चिरक्या, चार-दोन मिनिटांच्या गमतीकडे होता. डॉ. डिमेंटो यांचा कार्यक्रम २०१० मध्ये हवेतून उतरून इंटरनेटवर गेला, आणि फर्माइशी स्वीकारत पंचावन्न वर्षे चालल्यानंतर, २०२५ मध्ये बॅरेट हॅन्सन निवृत्त झाले.